माझ्यासाठी सोडलेली जागा

भूत रात्रीच येतं, असं कुणी सांगितलं हो तुम्हाला?

या पानावरच्या सगळ्या गोष्टी मी वाचतो. बारा वाजले, कुत्रं रडलं, दिवे गेले... चालू द्या. माझ्या बाबतीत जे घडलं ते दुपारी सव्वाचारला घडलं. लख्ख उन्हात. घरच्या चार माणसांच्या देखत.

आणि ते खरं आहे. मनाने रचायचं असतं तर मी स्वतःला जरा बरा दाखवला असता.

पाच वर्षं झाली. मार्चचा दुसरा शनिवार. समुद्रकाठचं एक छोटं गाव. दोन किनारे, आणि दोन्हींच्या मधे खाडीचं तोंड. एक किनारा वाळूचा, तिथे माणसं. दुसरा काळ्या दगडांचा, तिथे फक्त खेकडे. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचा एक लांबट दांडा उघडा पडतो. दीड-दोन तासांचा मामला. मग पुन्हा पाणीच पाणी.

घडलं ते त्या दांड्यावर.

आधी माणसं सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. आम्ही पाच जण होतो. मी, माझी आई, माझी मोठी बहीण म्हणजे ताई, तिचे मिस्टर म्हणजे दाजी, आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो.

मी फोटोग्राफर. बावीस वर्षं स्टुडिओ चालवतोय. पासपोर्ट, शाळांचे वर्गाचे फोटो, साखरपुडे, म्हाताऱ्यांची पंचाहत्तरी. स्वभावाने तिरसट. हे मी नाही, सगळं गाव सांगतं.

दाजींचं औषधांचं दुकान. माणूस तसा सरळ. पण चार वर्षं मी त्यांच्याशी बोलत नव्हतो.

कारण सांगतो. आमचे बाबा हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होते. ताईला बोलवायला मी रोज फोन करायचो. दाजी म्हणायचे, "दुकानात माणूस नाहीये, पुढच्या आठवड्यात पाठवतो." पुढचा आठवडा आला. बाबा थांबले नाहीत.

ताई आली ती सरळ शवागाराच्या दारात. आणि तिथे, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी दाजींना म्हणालो, "तुम्ही माझ्यासमोर मरत असलात ना, तरी मी हात देणार नाही."

बोललो खरं. तोंडातून गेलेला शब्द परत थोडाच येतो!

त्यानंतर ताईचं माहेर तुटल्यातच जमा झालं. ती यायची, पण मी घरात नसताना. आई दोघांच्या मधे झुरत होती. शेवटी तिनेच हट्ट धरला. "मला एकदा समुद्र दाखवा. सगळ्यांनी मिळून. आणि माझ्या डोळ्यांदेखत पाचही जणांचा एक फोटो काढ. दाजींच्या शेजारी उभा राहा. खांद्यावर हात ठेव. बस्स, मला दुसरं काही नको."

एकाहत्तर वर्षांची आई. नाही कसं म्हणणार?

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. लॉज साधाच होता. खाली जाळी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर चार खोल्या, बाहेरून लोखंडी जिना. मालकीणबाई काउंटरवर टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. मी बॅगा उतरवल्या, गाडी लावून आलो आणि माझ्या खोलीची किल्ली मागितली.

त्यांनी मान वर केली.

"आत्ता तर घेऊन गेलात."

"मी? मी गाडी लावत होतो."

"अहो, आत्ता. हाच निळा चौकडीचा शर्ट. पाय ओले होते, म्हटलं पायपुसणं आहे तिथे."

मी वर गेलो. खोलीचं दार उघडं. किल्ली कुलपात लटकत होती.

आत... कुणीच नाही.

पलंगाच्या कडेला चादर ओली होती. एक माणूस बसून उठावा, तेवढीच जागा.

मी खाली जाऊन बाईंवर तोंडसुख घेतलं. खोली नीट पुसत नाही, किल्ल्या भलत्याला देता, वगैरे. त्यांनी चादर तेवढी बदलून दिली.

सकाळी नाश्त्याला बसलो. टेबल मोठं. मी आणि दाजी एकाच बाजूला, पण मधे एक खुर्ची सोडून. चार वर्षांचा राग, एवढं अंतर तर हवंच. मालकीणबाई चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला. आणि आमच्या मधली ती खुर्ची उचलून भिंतीशी उलटी करून ठेवली.

"इथे आम्ही माणसांच्या मधे रिकामी जागा ठेवत नाही," त्या म्हणाल्या.

"का बरं?" ताईने विचारलं.

"नाही ठेवत."

दाजी हसले. "बरंय की! मेव्हणे, सरका मग. बाईंचा हुकूम आहे."

मी सरकलो नाही. चहा घेऊन उठलो आणि जिन्यात उभा राहून प्यालो. आईचा चेहरा पडला. मी तो बघितला, आणि तरी उठलोच.

दुपारी तीनला दांड्यावर जायला होडी ठरवली. होडीवाला पन्नाशीचा, तोंडातून शब्द काढायला महाग. होडीत बसायला फळ्या. मागच्या फळीवर आई, ताई आणि भिंगरी एकमेकींना चिकटून बसल्या. पुढच्या फळीवर मी एका टोकाला, दाजी दुसऱ्या टोकाला.

होडीवाल्याने आमच्याकडे बघितलं. डिझेलचा कॅन उचलला आणि आमच्या दोघांच्या मधे ठेवला.

माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग. डिझेलचा वास नाकात जायला लागला. मी कॅन उचलून खाली पायाशी ठेवला.

खाडीच्या मधोमध त्याने इंजिन बंद केलं.

शांतता... पाणी होडीला घासत होतं, तेवढाच आवाज.

तो उठून पुढे आला, कॅन पुन्हा मधे ठेवला आणि म्हणाला, "भरलेली बरी."

"काय भरलेली?"

"जागा."

"अरे, पण बसणार कोण आहे इथे?" मी चिडून म्हणालो.

तो दाजींना म्हणाला, "भाऊ, कॅन नको असेल तर तुम्ही यांच्याकडे सरका."

दाजी सरकले. अगदी चिकटून बसले. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. चार वर्षांत पहिल्यांदा. मागून आईने हळूच ताईला कोपराने ढोसलेलं मला कळलं.

दाजींनी खिशातून गोळीचं पाकीट काढलं. "होडी लागत असेल तर घ्या एक. फुकट आहे, मेव्हण्यांकडून पैसे घेत नाही."

मला हसू आलं. खरंच आलं. मी गोळी घेतली. थँक्यू मात्र म्हणालो नाही.

दांड्यावर उतरलो. ओली, घट्ट, सपाट वाळू. समुद्राच्या बाजूला उथळ पाणी. खाडीच्या बाजूला हिरवं, संथ दिसणारं. होडीवाला म्हणाला, "तासाभराने येतो. मधोमध राहा. खाडीच्या बाजूला वाळू सरळ तुटते. कडा दिसत नाही, पण दोन पुरुष खोल आहे, आणि ओढ असते."

मग त्याची नजर माझ्या स्टँडवर गेली.

"त्याच्यावर लावून काढणार का फोटो?"

"हो."

"तुम्ही पण येणार फोटोत?"

"टायमर लावून येणार. का, तुला यायचंय?"

तो हसला नाही. "मग आधी जाऊन उभे राहा. जागा ठेवून काढू नका."

"मी आधी जाऊन उभा राहतो. बटण काय तुझा आजोबा दाबणार?"

ताई म्हणाली, "छोट्या!" होडीवाल्याने होडी ढकलली आणि निघून गेला. मी केवढा जिंकलो होतो म्हणून सांगू!

तासभर मजेत गेला, खोटं का बोलू. भिंगरी शिंपले वेचत पळत होती. दाजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आईचा हात धरून तिला पाण्यात उभं केलं. आई लाट आली की लहान मुलीसारखी ओरडत होती. ताई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बघ ना, इतके वाईट नाहीत रे ते."

"मी कुठे काय म्हणालो?"

"एकदा फक्त 'दाजी' म्हणून हाक मार. मी एवढ्यावर पुढची दहा वर्षं काढीन."

मी म्हणालो, "फोटोच्या वेळी मारतो."

चार वाजून गेले. ऊन तिरपं झालं. फोटोला याच्याइतका चांगला उजेड नाही. मी स्टँड समुद्राच्या बाजूला, पाण्याच्या काठाशी रोवलं. सगळ्यांना समोर उभं केलं, खाडीकडे पाठ करून. डावीकडून आई, मग भिंगरी, मग ताई, मग दाजी. आणि दाजींच्या पलीकडे, उजव्या टोकाला, एका माणसाची जागा मोकळी सोडली.

माझी.

टायमरने फोटो काढताना हे असंच करतात. फ्रेम लावायची, स्वतःची जागा सोडायची, बटण दाबायचं, दहा सेकंदांत पळत जाऊन उभं राहायचं. आयुष्यात शेकडो वेळा केलंय.

माझ्या वस्तादांनी एक गोष्ट शिकवली होती. फ्रेममध्ये आधी कडा बघायच्या. कुणाचा खांदा कापला जातोय का, कुणाचा पाय जातोय का. चेहऱ्यांकडे शेवटी बघायचं, चेहरे काही आपण बदलू शकत नाही. बावीस वर्षं मी तसंच करतो. डोळा लावला की आधी चार कडा.

डोळा लावला.

वरची कडा ठीक. खालची ठीक. डावीकडे आईची शाल, ठीक. उजवीकडे...

खांदा कापला जात होता.

"एक पाऊल मागे," मी ओरडलो. "सगळ्यांनी."

सगळे मागे सरकले. पुन्हा कडा बघितल्या. उजवीकडे अजूनही खांदा कापलेला. निळी बाही, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"अजून एक पाऊल. दाजी, तुम्हीसुद्धा!"

दाजी म्हणाले, "घ्या, मेव्हण्यांनी हाक मारली! आता म्हणाल तितकं मागे जातो." ताई हसली. आईने डोळे पुसले.

कॅमेरा मी मागे घेऊ शकलो असतो. माझ्या मागे पाणी होतं, पण घोट्याएवढंच. स्टँड चार बोटं बुडालं असतं, एवढंच. पण नाही. बावीस वर्षं लोकांना सरकवायची सवय. फोटोग्राफर सरकत नाही, गिऱ्हाईक सरकतं. आणि अजून एक सांगतो. दाजींना "मागे, मागे" करताना मला बरं वाटत होतं. चार वर्षांनी तो माणूस माझं ऐकत होता.

पुन्हा डोळा लावला.

खांदा अजून कापलेलाच.

"अहो, अजून थोडं!"

आणि मग... आवाज बंद झाले.

वारा होता, आईची शाल उडत होती. पण वाऱ्याचा आवाज नव्हता. लाटेचा नव्हता. भिंगरी काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलत होते. ऐकू काही येत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

उजव्या टोकाला दाजी नव्हते. दाजी आत होते, पूर्ण, नीट. त्यांच्या पलीकडे तर माझी जागा होती.

तिथे खांदा कुणाचा?

मी डोळा काढला. नुसत्या डोळ्यांनी बघितलं. आई, भिंगरी, ताई, दाजी. चौघं. पलीकडे मोकळी वाळू.

पुन्हा डोळा लावला.

पाच.

आता खांदा कापला जात नव्हता. तो आत सरकला होता. निळा चौकडीचा शर्ट. माझा शर्ट. माझी उंची. माझं सुटलेलं पोट. त्याने एक हात दाजींच्या खांद्यावर ठेवला होता, आईने सांगितलं होतं तस्सा. आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता... मी फोटोत कधी बघत नाही, इतकं सरळ.

मी ओरडलो, "पुढे या! सगळे पुढे या!"

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. टायमर. मी बटणाला बोटही लावलं नव्हतं.

मी पळालो. दहा-बारा पावलांचं अंतर. चौघंही लेन्सकडे बघून हसत होते. दाजींनी पोट आत घेतलं होतं. मग त्यांची मान जराशी मागे गेली. कुणीतरी मागून कॉलर धरून ओढावं, तशी. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. आणि त्या हसऱ्या चेहऱ्यासकट ते मागे गेले.

वाळू तुटली. ताईचे पाय गेले, ती कमरेपर्यंत घसरली. आई भिंगरीला कवटाळून खाली बसली. मी पोचलो आणि जे हाताला लागलं ते धरलं. ताईचा दंड होता.

आणि एकदम सगळे आवाज परत आले. लाटा, वारा, भिंगरीचं किंचाळणं.

दाजी एकदा वर आले. दोन हातांच्या अंतरावर. त्यांना पोहता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मेव्हणे, हात द्या!"

पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

माझ्या उजव्या बाजूला, मोकळ्या वाळूकडे बघत होते. हात तिकडेच केला होता. तिथे कुणीतरी उभं आहे आणि ते हात देईल, असा पूर्ण विश्वास त्यांच्या तोंडावर होता. मग तो विश्वास गेला. जाताना मी बघितला. दाजींनी तिथे काय बघितलं, मला माहीत नाही.

मी ताईचा दंड सोडला असता तर ती गेली असती. नाही सोडला.

दाजी पुन्हा वर आले नाहीत.

होडीवाला आला तेव्हा दांडा अर्धा पाण्याखाली गेला होता. त्याने चार माणसं मोजली. परत जाताना पुढच्या फळीवर मी एकटाच होतो. त्याने माझ्या एका बाजूला कॅन ठेवला, दुसऱ्या बाजूला नांगर.

दाजी दोन दिवसांनी सापडले. खाडीत आत, वरच्या पुलाजवळ.

पोलीस चौकीत साहेबांनी सगळ्यांचे जबाब घेतले. ताई बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. आईला विचारलं, "मुलगा कुठे होता तेव्हा?"

आई शांतपणे म्हणाली, "कॅमेऱ्यामागे. मी त्याच्याकडेच बघत होते."

बरोबरच होतं. मला बरं वाटलं. निदान आई तरी शुद्धीवर आहे, म्हटलं. अपघात म्हणून नोंद झाली.

चौकीच्या पायऱ्या उतरताना आईने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुखलं.

"मी सांगितलं बघ तसं," ती म्हणाली. "आता तू जन्मात कुणाजवळ तोंड उघडू नकोस."

"कशाबद्दल?"

"तू त्याला ओढलंस ते."



"आई, मी कॅमेऱ्यामागे होतो. तूच तर आत्ता..."

"मी आई आहे," ती म्हणाली. "आणखी काय सांगणार होते?"

मी तिला शपथा घातल्या. हातापाया पडलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे. रागात होतं माणसाच्या हातून. बाबा गेले तेव्हापासून तुझ्या पोटात होतं ते." तिने मला माफ केलं हो! मी न केलेल्या खुनाची माफी मला माझ्या आईने दिली, आणि मी ती परतही करू शकत नाही. आजही ती मला जेवायला वाढते आणि वाढताना माझ्या हातांकडे बघते.

फोटो मी आठ दिवसांनी बघितला. स्टुडिओत, सकाळी अकराला, शटर उघडं ठेवून. भीती वाटत होती म्हणून मुद्दाम रस्त्यावरची वर्दळ असताना.

फोटो उत्तम आला होता. उजेड, कडा, सगळं जागच्या जागी. पाच माणसं. आई, भिंगरी, ताई, दाजी, आणि मी. दाजींची मान जराशी मागे गेलेली. बघणाऱ्याला वाटावं, मेव्हण्याने काहीतरी विनोद केलाय आणि ते खदखदून हसतायत. मेव्हण्याचा हात त्यांच्या मानेमागे. हाताचा पंजा दिसत नाही.

ताईने फोन केला. "त्यांचा शेवटचा फोटो दे मला." मी म्हणालो, आला नाही. कार्ड भिजलं. ती दुसऱ्या दिवशी स्टुडिओत येऊन उभी राहिली. मी आत पाणी आणायला गेलो, तेवढ्यात तिने कॉम्प्युटरवर शोधला.

मी बाहेर आलो तर ती पडद्यासमोर उभी होती.

"आई म्हणते, मला भास झाला," ती म्हणाली. "डॉक्टरसुद्धा म्हणाले, धक्क्याने असं होतं. मी स्वतःला समजावत होते रे. रोज समजावत होते."

"ताई, ऐक तर..."

"तू पहिल्यांदा 'दाजी' म्हणालास. किती खूश झाले होते ते."

ती गेली. तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. पोलिसांकडेही गेली नाही. आईसाठी. आईची म्हातारपणी फरफट नको म्हणून ती नवऱ्याच्या खुन्याला मोकळं फिरू देते, असं तिला वाटतं. मी माझ्या बहिणीला हे ओझं दिलंय.

मी त्या गावी परत जाऊन आलो. मालकीणबाईंनी मला बघितलं आणि काउंटरमागचं दार लावून घेतलं. होडीवाला भेटला. मी विचारलं, ते काय आहे? तो म्हणाला, "ज्याची जागा, त्याच्यासारखं दिसतं. एवढंच माहीत आहे. तुम्हाला सांगितलं होतं." मग म्हणाला, "काही जणांना बरं पडतं. म्हणून मुद्दाम पण येतात इथे." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी वळून चालायला लागलो.

हे सगळं मी पाच वर्षं पोटात ठेवलं. आत्ता लिहायला बसलो त्याला कारण आहे.

गेल्या महिन्यात भिंगरी स्टुडिओत आली. एकटी, शाळेच्या गणवेशात. बारा वर्षांची झालीय. उंची बापाची. ओळखपत्राला फोटो हवा म्हणाली. मी तिला स्टुलावर बसवलं, दिवा सरकवला. ती म्हणाली, "मामा, फोटो नकोय मला. एक विचारायचंय. आईला सांगू नकोस."

"विचार ना."

"तू बाबांना का ओढलंस?"

मी दिव्याचा दांडा धरून उभा राहिलो. मग तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. खांदा, निळी बाही, बंद पडलेले आवाज. म्हटलं, लहान मूल खोटं धरून बसत नाही. हिने बघितलं असेल तर हीच मला सोडवेल.

"बाळा, मी कॅमेऱ्यामागे होतो. तू समोर बघत होतीस ना? आठव. मी पळत आलो, आठवतं?"

तिने खरंच आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या घालून.

"मी लेन्सकडेच बघत होते," ती म्हणाली. "सगळा वेळ. तू म्हणालेलास, हललीस तर फोटो बिघडेल."

"हां. मग?"

"कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं, मामा."

"आधी होतो. 'मागे व्हा' म्हणून ओरडत होतो तेव्हा."

"तेव्हाच म्हणतेय. तू बाबांच्या बाजूला उभा राहून म्हणत होतास ते. हळू आवाजात. आपण हसत होतो." तिने माझ्या मागच्या स्टँडकडे बघितलं. "स्टँड नुसतंच होतं तिथे. मागे पाणी."

ती स्टुलावरून उतरली. दारात म्हणाली, "मी चिडलेले नाहीये. मला फक्त कारण पाहिजे होतं." आणि रस्ता ओलांडून गेली.

त्या दिवसापासून मी रोज तो सव्वाचारचा क्षण पहिल्यापासून आठवतो. डोळ्याला टेकलेलं कॅमेऱ्याचं रबर मला आठवायचं. पायाखालची ओली वाळू, स्टँडचं गरम झालेलं हँडल. हे सगळं मला शपथेवर सांगता यायचं.

आता ते पुसट व्हायला लागलंय.

त्याच्या जागी दुसरं काहीतरी येतंय. दाजींच्या कॉलरमागची जाड शिवण. घामाने ओली. आत बोटं घालून मूठ वळली की कापड किती ताणतं, आणि वरचं बटण तुटताना किती बारीक आवाज होतो.

हे मला कुणीही सांगितलेलं नाही.

माझ्या हाताला ते आठवतंय.